ओतिलियाच्या घरचा गुरुवार

देवाच्या माणसांनी एकदा मनावर घेतलं, की ते आधार देऊन देऊन माणसाला आडवं करतात. हे मी हवेत बोलत नाही. आमच्या चाळीच्या भिंती पातळ आहेत. पलीकडे कुणी कूस बदलली तर इकडे माझी झोप मोडते, आणि पलीकडे ओतिलिया राहते. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन इथे आलो. तिच्या घरातलं मला जेवढं ठाऊक आहे तेवढं तिच्या पोटच्या पोरांनाही नसेल. मी तिच्या चर्चची नाही. मी कॅथलिक, तीसुद्धा बारशापुरती आणि मयतापुरती. तेव्हा माझं बोलणं कुणाला कुचकट वाटलं तर वाटो बापडं.

आमच्या लोता गावची खाण चालू होती तेव्हा तिचा नवरा बाउदिलियो समुद्राच्या तळाखाली कोळसा फोडायचा. अंगाने रेडा आणि तोंडाने त्याच्या वरताण. संघटनेचा माणूस. देव, पाद्री आणि खाणीचा मॅनेजर एकाच ताटात जेवतात, असं तो चारचौघांत ओरडून सांगायचा. बायको मात्र पक्की चर्चची. रविवारी ही मंडळी गिटारी, मँडोलिनं आणि एक अकॉर्डियन घेऊन आमच्या कोपऱ्यावर गायला उभी राहायची, तेव्हा ओतिलिया पुढच्या रांगेत आणि बाउदिलियो दारात, हातात वाइनचा पेला, चाल बिघडवायला तयार.

एका रविवारी त्याने बादलीभर पाणी भिरकावलं. ते सगळं पडलं बंधू आब्दोनच्या अकॉर्डियनवर. आब्दोन त्याच्याच पाळीतला. दोघं रोज खाणीच्या लिफ्टच्या एकाच पिंजऱ्यातून खाली उतरायचे, एकाच डब्यातला पाव तोडायचे. त्या दिवसापासून बोलणं बंद. पुढे कितीतरी वर्षं दोघं त्याच पिंजऱ्यात, एकमेकांकडे पाठ करून. आणि त्या अकॉर्डियनच्या एका पट्टीतून मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज निघायला लागला, तो आजतागायत निघतो.

मग खाण बंद पडली, आणि तिच्या पाठोपाठ बाउदिलियो. एका सकाळी बुटाची नाडी बांधताना जो खाली गेला तो उजवं अंग गमावूनच वर आला. वाचाही गेली. सगळी म्हणजे सगळी, एक शब्द सोडून. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, भाषा जाते आणि एखादा शब्द तेवढा अडकून राहतो. आता आयुष्यभर जे जास्त वापरलं तेच उरणार ना? बाउदिलियोकडे उरला "च्यायला". भूक लागली, च्यायला. ओलं झालं, च्यायला. मुलाचा फोन आला, च्यायला, आणि डोळ्यांतून पाणी. ओतिलियाला आवाजावरून सगळे प्रकार कळायचे. मला भिंतीआडून दोन-तीन कळायचे.

मुलगा उत्तरेला तांब्याच्या खाणीत. मुलगी सांतियागोला, कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईची दिवसरात्र सेवा करायच्या नोकरीवर. बापाला बघायला तिला सुट्टी मिळत नाही, कारण त्या म्हातारीला बघायला दुसरं कुणी नाही. जगाची ही रीत मला या जन्मात कळायची नाही. तेव्हा त्याला उचलणं, वळवणं, धुणं, भाजलेल्या पिठाची पेज चमच्याचमच्याने भरवणं, सगळं एकट्या ओतिलियावर. ती स्वतः केवढी? माझ्या खांद्यापर्यंत पोचत नाही.

अशात तिच्या चर्चचे पाळक एलिसेओ राजधानीत कसल्याशा शिबिराला जाऊन आले, आणि येताना एक नवी सेवा घेऊन आले. नाव, 'आधाराचा खांदा'. उद्घाटनाचं प्रवचन त्यांनी ओतिलियाच्याच घरात दिलं. म्हणाले, "आजाऱ्याची विचारपूस सगळे करतात. पण आजाऱ्याला सांभाळणारीची कोण करतं? प्रभूचा क्रूससुद्धा वाटेत एका परक्या माणसाने घटकाभर खांद्यावर घेतला. आपण आपल्या भगिनीचा का घेऊ नये?" खोटं कशाला बोलू, बोलणं सोन्यासारखं होतं. ओतिलिया ओंजळीत तोंड खुपसून रडली. मीसुद्धा डोळे पुसले.

त्या दिवसापासून गुरुवार सुरू झाले.

दर गुरुवारी दुपारी दहा-बारा माणसं तिच्या दारात. पुढे प्रिसिला, या सेवेची प्रमुख, छातीशी काळी पर्स धरून. तिच्या मागे गिटारी, मँडोलिनं, आणि सगळ्यांच्या शेवटी आब्दोन, अकॉर्डियन पोटाशी घेऊन. बाउदिलियोकडे न बघता तो कोपऱ्यात बसायचा. गाणी व्हायची, प्रार्थना व्हायची, ओतिलियाच्या डोक्यावर हात ठेवून उभारी दिली जायची. शेवटी सगळे मिळून "देवाला गौरव!" असं तीनदा गर्जायचे, त्यांच्याकडे तशीच पद्धत आहे. तिसऱ्या गर्जनेनंतर क्षणभर शांतता पसरायची, आणि त्या शांततेत पलंगावरून यायचं, "च्यायला."

"बघा, तोही साक्ष देतोय," असं पाळक म्हणायचे. मोठ्या मनाचा माणूस.

आता आमच्याकडची रीत अशी, की दारात आलेला माणूस चहा-पाव घेतल्याशिवाय जात नाही. पाण्याचं मीटर बघायला आलेला असो, नाहीतर भांडायला आलेला. आधी चहा, मग भांडण. त्यामुळे गुरुवारी ओतिलिया पहाटेच पीठ मळायची, चाळीच्या सामाईक भट्टीवर नंबर लावायची, टोपलीभर पाव भाजायची, माझे कप मागून न्यायची, खुर्च्या गोळा करायची, फरशी पुसायची. प्रिसिला दारातूनच ओरडायची, "ओतिलियाताई, काही करत बसू नकोस हं! आम्ही खायला नाही आलो, तुला उभारी द्यायला आलोय!" आणि बोलता बोलता पावाची टोपली स्वतःकडे ओढायची. ताज्या पावावर मुर्ताच्या रानफळांचा मुरंबा असला की उभारी जरा लांबायची.

मंडळी गेल्यावर ओतिलिया कपांचा ढीग धुवायची. मग बाउदिलियोची चादर बदलायची, कारण एवढ्या वेळात त्याला कुणी कुशीवर वळवलेलं नसायचं. पलंगावर भिंतीला प्रिसिलाने भरतकाम करून दिलेलं एक कापड टांगलेलं होतं, 'तू एकटी नाहीस'. त्याच्याखाली ती एकटी त्याला ढकलत असायची.

मी एकदा म्हटलं, "अगं, एक गुरुवार चहा देऊ नकोस. पुढच्या वेळी किती येतात ते बघ."

"दारातल्या माणसाला कोरडं पाठवू? क्लोरिंदा, माझी आई थडग्यातून उठून येईल."

"येऊ दे की. निदान बाउदिलियोपाशी घटकाभर बसेल तरी."

ती हसली. पण पुढच्या गुरुवारी पुन्हा पीठ मळायला बसलीच. आणि एक सांगते, तिला ती माणसं यायला हवी होती. नवरा पडल्यापासून तिने चर्चची एक सभा पुरी पाहिली नव्हती. गाणी तिला जिवापाड आवडायची. ती चहा ओतता ओतता गुणगुणायची, तेव्हा तिचा चेहरा तरुण दिसायचा. म्हणून मीही जास्त बोलायचे नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

पण चहा कपाबाहेर पडायला लागला.

आधी मला वाटलं, हात थरथरतो. मग लक्षात आलं, तिला कपच दिसत नाहीय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नवऱ्याची दाढी करताना त्याच्या गालावर काप पडायला लागले, आणि तो प्रत्येक कापाला एक च्यायला देऊन गप्प बसायचा, तिला हाताने ढकलायचा नाही, याचं मला फार वाटायचं. एका गुरुवारी तिने प्रिसिलाच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. प्रिसिलाने तो ख्रिस्ती सहनशीलतेने संपवला, आणि मग ओतिलियाच्या डोळ्यांसाठी खास प्रार्थना केली.

दवाखान्याच्या यादीत तिचं नाव केव्हाचं पडून होतं. एक दिवस नर्स येऊन सांगून गेली, उजव्या डोळ्याची तारीख लागली, कॉन्सेप्सियोनच्या मोठ्या इस्पितळात. सकाळी दवाखान्याची गाडी गावातल्या सगळ्या डोळेवाल्यांना घेऊन जाईल, संध्याकाळी परत आणून सोडेल. नाही आलात, तर रांगेच्या शेपटाला. ती रांग म्हणजे पुन्हा दोन हिवाळे.

ओतिलिया माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. "क्लोरिंदा, मला डोळे माझ्यासाठी नकोत," असं म्हणाली, आणि लगेच म्हणाली, "नाही, खोटं कशाला, माझ्यासाठीपण हवेत. पण मी आंधळी झाले तर याला घास कुठे देऊ, तोंडात की नाकात? पोरं त्याला कुठल्यातरी आश्रमात नेऊन टाकतील. तिथे याचा च्यायला कुणाला कळणार?"

माझ्या खुब्यात लोखंड आहे. मी बाउदिलियोला पाणी पाजू शकते, पेज भरवू शकते. वळवू शकत नाही. तो घसरला तर आम्ही दोघं जमिनीवर आणि बघायला कुणी नाही. पैसे देऊन माणूस ठेवणं आमच्या चाळीत कुणाच्या स्वप्नातही येत नाही. मी काही बोलायच्या आत तिचाच चेहरा उजळला.

"पण तारीख गुरुवारची आहे बघ! देवानेच दिला गुरुवार. तसेही सगळे येतातच. दुपारच्याऐवजी सकाळी आले की झालं."

त्या गुरुवारी मी मुद्दाम कप वाटायला गेले. गाणी झाली, पाव फिरला. ओतिलिया किटली हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "पुढच्या गुरुवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. दिवसभर यांच्यापाशी कुणीतरी बसायला हवं. वळवावं लागतं, कपडे बदलावे लागतात. मी संध्याकाळी परत येईन."

चघळायचे आवाज थांबले. गिटारवाल्याने तारा तपासायला घेतल्या. मग प्रिसिलाने पर्स छातीशी आवळली आणि म्हणाली, "ताई! अगं, हा तर प्रार्थनेचा विषय आहे!"

संपलं. एखादी गोष्ट एकदा प्रार्थनेचा विषय झाली, की ती कुणाच्या हाताचा विषय राहत नाही.

पाळक एलिसेओ उठून उभे राहिले. त्यांचा आवाज भरून आला होता, आणि मी त्यांच्यावर खोटेपणाचा आळ घेणार नाही, माणसाला खरंच वाटत होतं. म्हणाले, "पुढच्या गुरुवारी आपण उपवासाची साखळी प्रार्थना धरू. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, चर्चमध्ये, तासातासाला दोघं दोघं. भगिनीचा डोळा बरा व्हावा, आणि प्रभूने तिच्यासाठी मदतीचा हात पाठवावा! कोण कोण तास घेणार?"

सगळ्यांचे हात वर. लहानशा खोलीत एकदम एवढे हात मी कधी बघितले नव्हते. त्यातला एक जरी खाली बाउदिलियोच्या पाठीखाली गेला असता ना! आब्दोननेही हात वर केला, सगळ्यांत उशिरा. मग तीनदा गर्जना झाली. मग पलंगावरून उत्तर आलं. या वेळी त्याचं मत मला पुरतं पटलं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मी कप गोळा करता करता म्हटलं. कुणी ऐकलं नाही.

आठवडाभर ओतिलिया एकेकीला गाठून विनवत होती. भट्टीवर, बाजारात, मासळीच्या गाड्यापाशी. उत्तर एकच. "ताई, आले असते गं, पण मी नवाच्या साखळीत आहे. साखळी तुटली तर?" त्यांच्यात साखळी तोडणं म्हणजे महापाप. आजारी माणूस तापाने फणफणत येऊन आपला तास पुरा करतो, पण कडी निसटू देत नाही. थोडक्यात, ओतिलियाला मदत मिळावी म्हणून देवाकडे मागायला सगळं चर्च गुंतलं होतं, आणि म्हणून ओतिलियाला मदत करायला गावात एक माणूस मोकळा नव्हता. भीक नको पण कुत्रं आवर, असं मी ऐकलं होतं. इथे कुत्रं उपवासाला बसलं होतं.

बुधवारी संध्याकाळी भिंतीपलीकडे कपाटाची दारं उघडल्यामिटल्याचे आवाज येत होते. मला वाटलं, तिने तारीख सोडली, आणि आता राग आवराआवरीवर काढतेय. मला रडू आलं. तिचं नव्हे, त्या डोळ्यांचं.

सकाळी उजाडता उजाडता माझं दार वाजलं. बाहेर समुद्रावरचं धुकं, आणि धुक्यात चाकाची खुर्ची. खुर्चीत बाउदिलियो, दाढी केलेला, लोकरीची टोपी, मांडीवर घोंगडी, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. हँडलला फुगलेली पिशवी. मागे ओतिलिया, डोक्याला रुमाल.

"क्लोरिंदा, उतारावर खुर्ची धरायला ये जरा. मला खड्डे दिसत नाहीत."

"चाललीस कुठे?"

"चर्चला."

"याला घेऊन? प्रार्थनेला?"

"ते मदतीचा हात शोधतायत ना," ती म्हणाली. "मी त्या दिवशी नीट बघितले सगळ्यांचे हात. धुरकट दिसले, पण होते. आज दिवसभर एका जागी मिळतील."

मी माझा खुबा विसरले. चप्पल पायात, शाल अंगावर, आणि खुर्चीच्या एका हँडलला मी, दुसऱ्याला ती.

चर्चमध्ये पहिल्या तासाला पाळक आणि प्रिसिला गुडघ्यांवर होते, डोळे मिटून. चाकं करकरत मधल्या वाटेने पुढे गेली. ओतिलियाने खुर्ची थेट व्यासपीठासमोर नेली आणि ब्रेक लावला. प्रिसिलाने एक डोळा उघडला, आणि मग दुसराही.

"पाळकसाहेब, उठू नका, साखळी तुटेल," ओतिलिया म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नव्हता. "पिशवीत पेज आहे. डोकं वर धरून, छोट्या चमच्याने भरवायची. दर दोन तासांनी कूस. कोरडे कपडे खालच्या कप्प्यात. गाडी कोपऱ्यावर उभी आहे, मी निघते."

"अगं पण ताई!" प्रिसिला म्हणाली. "हे पवित्र ठिकाण आहे!"

"म्हणूनच धुऊनपुसून आणलंय. पुढचं तुमच्याकडे."

आणि गेली. जाताना तिने बाउदिलियोच्या टोपीवरून हात फिरवला. ज्या माणसाने या दारात मेलो तरी येणार नाही अशी शपथ खाल्ली होती, तो मान वळवून छताकडे, बाकांकडे, भिंतीवरच्या रंगवलेल्या वचनाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "च्यायला." चर्चच्या छताखाली तो शब्द चांगलाच घुमला.

मी मागच्या बाकावर बसले. असला तमाशा अर्धवट टाकून घरी जाणाऱ्यातली मी नव्हे.

पहिला तास त्यांनी जोरात प्रार्थना करून काढला. बाउदिलियोने हाक मारली की त्यांचा आवाज चढायचा. दुसरी जोडी आली तशी प्रिसिलाने "प्रभू तुम्हाला बळ देवो" म्हणत साखळी त्यांच्या हाती दिली आणि पर्ससकट पसार झाली. पाळकांना ऑफिसात काम आठवलं. दुसऱ्या जोडीतल्या बाईने पेज भरवायला घेतली, ती अर्धी हनुवटीवरून शर्टात गेली. तिने घाबरून चमचा ठेवला आणि मदतीच्या हातासाठी कळकळीने प्रार्थना केली. तिसऱ्या जोडीने गाणं धरलं. तोवर बाउदिलियो खुर्चीत एका अंगाला कलला होता आणि वास यायला लागला होता. गाणाऱ्यांनी खिडक्या उघडल्या. मी मागून ओरडले, "अहो, त्याला हवा नकोय, कोरडी विजार हवीय!" दोघांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मीच ओली केली.

मग आब्दोनचा तास आला. त्याच्या जोडीची बाई वासासरशी "पाणी आणते" म्हणून गेली ती गेलीच. आब्दोन पोटाशी अकॉर्डियन धरून एकटा उभा राहिला, खुर्चीसमोर. बाउदिलियोने आधी त्याच्याकडे बघितलं, मग अकॉर्डियनकडे, आणि मान खाली घातली. मग एक च्यायला निघाला, अगदी हळू. तसा मी भिंतीआडून कधी ऐकला नव्हता.

आब्दोनने अकॉर्डियन बाकावर ठेवलं. म्हणाला, "तू मला भिजवलंस, तेव्हा मला कोरडं करायला कुणी आलं नव्हतं." आणि बाह्या वर केल्या.

खाणीत छत बसलं की माणसाला काखेत हात घालून ओढून काढतात. आब्दोनच्या हातांना ते आठवत होतं. त्याने बाउदिलियोला उचललं, बाजूच्या खोलीत पोरांच्या रविवारच्या शाळेच्या सतरंजीवर निजवलं, पुसलं, वळवलं. मी दारात उभी राहून एकेक कपडा पुढे करत होते. विजारीपाशी येऊन तो अडला. "बाई, ही नाडी पुढे की मागे?" मी म्हटलं, पुढे. त्याने मागे बांधली होती. सगळं सोडून पुन्हा करायचं. घामाने निथळत आब्दोन पुटपुटला, "च्यायला."

देवाच्या घरात! बंधू आब्दोन! बाउदिलियोने डोळे मोठे केले, आणि मग त्याचं अर्धं तोंड हसायला लागलं. हसता हसता त्याला ठसका लागला. आब्दोन त्याच्या पाठीवर थोपटत होता, आणि तोही हसत होता, आणि रडत होता. पिंजऱ्यात पाठ करून उभे राहणारे ते दोघं. मीही रडले. सांगायला लाज कसली.

त्याचा तास संपला, पुढची जोडी आली. आब्दोन म्हणाला, "तुम्ही करा प्रार्थना. मला काम आहे." संध्याकाळपर्यंत तो हलला नाही. साखळीही तुटली नाही.

ओतिलिया परतली तेव्हा एका डोळ्यावर पट्टी होती. बाउदिलियो कोरडा, पोट भरलेला, खुर्चीत पेंगत होता. पाळक ऑफिसातून दोन्ही हात पसरून आले. "भगिनी, आपल्या प्रार्थनेचं उत्तर मिळालं!"

"हो, दिसतंय," ओतिलिया म्हणाली, आणि एका डोळ्याने आब्दोनच्या भिजलेल्या बाह्यांकडे बघितलं.

रविवारी चर्चमध्ये साक्ष झाली. साखळी अखंड राहिली, डोळा उघडला, देवाला गौरव, तीनदा. विजारीचा उल्लेख आला नाही. पट्टी निघाली त्या दिवशी ओतिलियाने भिंतीवरच्या भरतकामाच्या कापडाकडे बघितलं आणि म्हणाली, "अय्या, हे लिहिलंय होय! मला इतके दिवस वाटत होतं, घराचं चित्र आहे." गुरुवारची माणसं मात्र रोडावली. कुणाचे गुडघे, कुणाची नातवंडं. प्रिसिलाने दुसरं कापड भरायला घेतल्याचा निरोप तेवढा पाठवला.

मग डाव्या डोळ्याची तारीख लागली, एका मंगळवारी. ही बातमी ओतिलियाने चर्चला कळवली, आणि पुढच्याच रविवारी पाळकांनी जाहीर केलं की मंगळवारी चर्च दिवसभर बंद राहील, रंगकाम आहे. सोमवारी मी मुद्दाम जाऊन बघून आले. रंगाचा डबा कुठे दिसला नाही. कुलूप होतं, नवंकोरं.

ओतिलियाला सांगितलं, तर म्हणाली, "असू दे. एका डोळ्याने घास तोंडातच जातो." पण मंगळवारी सकाळी मी डोकावले तेव्हा ती डोक्याला रुमाल बांधून, बूट घालून, खुर्चीवर बसली होती. कुठे जायचं नसताना. चुलीवर सवयीने किटली ठेवलेली.

दार वाजलं. दारात आब्दोन. हातात कागदात गुंडाळलेला पाव. अकॉर्डियन नाही.

"चर्च बंद आहे आज," तो म्हणाला. "म्हटलं, मग इकडे यावं. तुम्ही निघा, गाडी कोपऱ्यावर हॉर्न मारतेय."

ओतिलिया धडपडत उठली. हात आधी किटलीकडे गेला. "या, बसा, चहा तयारच आहे, पाव कालचा आहे पण..."

"चहा नको."

आमच्या चाळीत हा शब्द कुणी कुणाच्या दारात उच्चारत नाही. त्यावरून पिढ्यांची भांडणं झालीयत. ओतिलिया किटली धरून तशीच उभी राहिली. "निदान अर्धा कप," ती म्हणाली.

"ओतिलियाताई, चहाला आलो असतो तर अकॉर्डियन घेऊन आलो असतो."

आतून आवाज आला, "च्यायला."

"आलो रे, आलो," आब्दोन म्हणाला, आणि आत जाता जाता ओतिलियाकडे वळला. "पाणी हवंय त्याला." तिलाच सांगत होता! आणि बरोबर सांगत होता.

तेव्हा ती रडली. उंबऱ्यावर उभी राहून, मोठमोठ्याने. इतके गुरुवार डोक्यावर हात ठेवून घेतले, तेव्हा अशी कधी रडली नव्हती. मी तिला ओढतच कोपऱ्यापर्यंत नेलं. "डोळे चोळू नकोस बये, आज त्यांच्यावर काम आहे," मी म्हणत राहिले. गाडी धुक्यात गेली. मी परत आले आणि तिच्या चुलीवरून किटली उतरवून ठेवली.